पहाटेच्या ओळी

१४ जुलै २००३, सोमवार
संगणक गेला. पंखा फिरतो, पडदा काळा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, त्याने झाकण उघडून दाखवलं. आत हिरवट बुरा, पावसाळ्यात चपलांवर येतो तसा. म्हणाला, माई, आता याला फुलं वाहा.

भरतीच्या वेळांचे कागद कसे काढायचे? नारळी पौर्णिमा १२ ऑगस्टला. त्यानंतर बोटी पाण्यात. चार वर्षं कागद न चुकता गेलेत. आंजर्ल्याला दादाकडे, बुरोंडीला, इथे भाट्याला. माझा प्रोग्रॅम फ्लॉपीवर शाबूत आहे, देवघराच्या खणात. पण तो नुसता सांगाडा. कुठल्या घटकेला चंद्र कुठे, हे सांगणारं मॉड्यूल कोणा परक्या भल्या माणसाने लिहिलेलं, ते मशीनबरोबर गेलं. नव्या मशीनवर पुन्हा पहिल्यापासून बसवायला हवं.

मेधा पुण्याहून तिचा जुना संगणक एसटीच्या पार्सलने पाठवतेय. म्हणाली, आई, या वयात हे लिनक्स नि पर्ल कशाला? एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. आता एक काम स्वतःचं करतेय, तर करू दे.

१६ जुलै
दादाच्या विनूचा फोन, आंजर्ल्याच्या दुकानातून. यंदा बोट त्याच्या हातात. दादाचे गुडघे गेले, भागीदार कसेबसे तयार झाले. बारा वर्षं मुंबईत मालवाहतुकीच्या हापिसात खर्डेघाशी केलेला माणूस बोटीचा तांडेल होणार, म्हणून खलाशी आडून हसतात. चौतिसाव्या वर्षी शिकाऊ. बायको म्हणते परत मुंबईला चला. हा हट्टाला पेटलाय.

"आत्या, तुझा कागद पहिला मला. मला पाणी बघून कळत नाय बाबांसारखं. कागद असला की मी कुणाला विचारायला नको."

मागून दादाचा आवाज: कागदानं पाणी चढत नाय म्हणावं तिला.

२० जुलै, रविवार
संगणक आला. मेधाने दोन जुन्या साड्यांत गुंडाळून पाठवलाय, एकीला माझ्याच हातचं फॉल-बिडिंग. मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी घातली. दुपारपर्यंत बसलं. पर्ल आहे. माझा प्रोग्रॅम चालवला तर एकच ओळ: चंद्राचं मॉड्यूल सापडत नाही. अपेक्षितच.

२३ जुलै
मॉडेम लावला. तीनदा जोडणी, तीनदा तुटली. पावसाने लाईनीत खरखर. एवढी वर्षं लोकांच्या लाईनी सांभाळल्या आणि माझ्याच खांबावर पाणी मुरतंय.

चौथ्यांदा लागली. मॉड्यूल आणून देणारी जी व्यवस्था आहे, सीपॅन, ती पहिल्यांदा चालू केली की फार चौकशा करते. कुठला देश, जवळचं भांडार कुठलं, तात्पुरता माल कुठे ठेवू. एंटर, एंटर, एंटर. मग 'इन्स्टॉल' म्हणून चंद्राच्या मॉड्यूलचं, चं.मॉ.चं, नाव दिलं. उत्तर: याला आणखी चार लागतात, आणू का? हो. त्या चारांपैकी एकाला आणखी तीन. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि तो मेहुणा, मेहुण्याची सासू नि त्यांचं अंथरूण-पांघरूण घेऊन यावा, तसं.

पाचवं उतरताना लाईन गेली.

२६ जुलै
वीज गेली ती अडीच तास. आली, लावलं, पुन्हा पहिल्यापासून.
साडेतीन वाजता कसंबसं सहावं.
विनूचा फोन दोनदा लागला नाही म्हणे, लाईन एंगेज. तिसऱ्यांदा लागला तेव्हा हसून म्हणाला, ऑपरेटरबाईंचीच लाईन बिझी. मी हसले खरी.
खलाशांत धाकू त्याच्या बाजूने आहे. दादाबरोबर वीस वर्षं गेलेला माणूस. बाकीचे पहिली फेरी बघून ठरवणार.

२९ जुलै, मंगळवार
सगळी उतरली, एक सोडून: तारखा-वेळा सांभाळणारं. चं.मॉ. त्याच्या खांद्यावर उभं आहे. उतरलं, पण बसेना.

ही व्यवस्था कुठलंही मॉड्यूल बसवण्याआधी त्याची परीक्षा घेते. लिहिणाऱ्यानेच प्रश्न घातलेले असतात, अमुक विचारलं तर तमुक उत्तर यायला हवं. पडद्यावर ओके, ओके, ओके असं सरसर उतरतं. बघायला मला फार आवडतं. साठ प्रश्न. चाळिसापर्यंत ओके. एक्केचाळिसावा: नॉट ओके. पुढचे सगळे ओके. आणि शेवटी कोरडेपणाने, परीक्षेत नापास, जबरदस्ती केल्याशिवाय बसवणार नाही.

साठात एक. गुण काढले असते तर पहिल्या वर्गात पास.

३० जुलै
पुन्हा उतरवलं. पुन्हा एक्केचाळीस. प्रश्न उघडून पाहिला. कुठल्यातरी लांबच्या बेटावरची वेळ. मध्यरात्रीनंतरचा दोनचा सुमार देऊन विचारलंय, तारीख कुठली. बेटाचं नाव मला उच्चारताही येत नाही.

त्या बेटावर माझा कागद कोण लावणार आहे?

३१ जुलै, गुरुवार
बारा दिवस राहिले. कागद छापायचे, बाजारातून झेरॉक्स, एसटीने धाडायचे. बुरोंडीहून विचारणा झाली. विनू रोज विचारतो, विचारताना बेफिकिरी दाखवतो.

'फोर्स' लावून बसवलं.

आमच्या वेळी लाइटनिंग कॉल असायचा. तो आला की बाकी सगळी बोलणी मध्येच तोडून त्याला लाईन द्यायची. कोणी मेलं असेल, पूर आला असेल, मंत्री असेल. हा शब्द टाईप करताना तीच आठवण झाली. एका क्षणात बसलं. प्रोग्रॅम चालला. ऑगस्टचं पान सरसर उतरलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

२ ऑगस्ट, शनिवार
ताळा घेतला. दरवर्षीचा रिवाज: आबांच्या, आमच्या वडिलांच्या, पाऊणकीने. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आबांना घड्याळ माहीत नव्हतं तेव्हापासून त्यांना पाऊणकी पाठ. आमचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे पहाटेच्या भरतीला आदल्या दिवसाचीच तिथी धरायची, हेही त्यांचंच.

दुपारच्या सगळ्या ओळी जुळल्या. पहाटेच्या ओळींत वीस-पंचवीस मिनिटांचा फरक. १९ तारखेला पाऊणकीने साडेचार, मशीन म्हणतं चार पाच. तेवढा फरक पहाटेला दरवर्षीच असतो. पाऊणकी ठोकळ, मशीन बारीक. गेल्या वर्षीच्या वहीतही पंचवीसच लिहिलेत. टिकमार्क केली.

६ ऑगस्ट
कागद रवाना. आंजर्ल्याला सहा, बुरोंडीला दहा, भाट्याला मी स्वतः नेऊन दिले. कंडक्टरला विनूसाठी डब्यात खोबऱ्याच्या वड्याही दिल्या. म्हणाला, माई, एक खाऊ का? दोन खा म्हटलं, पण पोचव.

१२ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
भाट्याला नारळ सोडायला गेले. कागद भिंतीवर डकवलाय. दोघांनी वाकून पाहिला. जरा मिरवल्यासारखं झालं मला.
दादाचा फोन. राखी मिळाली. "विन्या कागद पाठ करून बसलाय गो. अभंग म्हणावा तसा." ऐकताना दादाला हेवा वाटला की धास्ती, कळलं नाही.
विनू १९ ला निघणार, पहाटेच्या पाण्यावर.

१७ ऑगस्ट, रविवार
आंजर्ल्याच्या खाडीचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही. पावसाळ्यात तिथे वाळू साचते. त्यात १९ म्हणजे भांगाचे दिवस, भरती मुळातच कमी चढते. पाणी पुरतं चढल्यावर अर्धा-पाऊण तास काय ती बोट वाळूवरून निघते, त्याआधी नाही. आबा बोटीतून काठी बुडवून बघायचे. दादा नुसत्या आवाजावरून सांगतो.
विनूला काठी येत नाही, आवाज येत नाही. त्याला माझा कागद येतो.
उगाच काळजी. कागद बरोबर आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार
दिवसभर मॉडेमवर. आता सवड आहे तर कागदावर उधाणाच्या ओळी जाड छापणारं मॉ. बसवून घ्यावं म्हटलं. त्याला आणखी सहा लागली. दुपारी दोनला लावलं ते साडेसातला संपलं. सगळी परीक्षेत पास, एकही नापास नाही. खूश होते.
विनूला फोन करावा असं आठला वाटलं. दुकान बंद झालं असणार. उद्या आता गेल्यावरच.

१९ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी सव्वाआठला फोन. धाकूची बायको. बोट खाडीच्या तोंडावर बसली.
माणसं आहेत सगळी.
एवढंच म्हणाली आणि लाईन तुटली. तीन तास लागेना. मी एक्स्चेंजला फोन केला, जुनी ऑपरेटर म्हणून नाव सांगितलं, ड्यूटीवरची मुलगी नवी, तिला माझं नाव माहीत नव्हतं. तरी बिचारीने प्रयत्न केला.

दुपारी दादा. चारला पाच-दहा कमी असताना निघाले. अर्ध्यावर वाळू लागली. मागून लाट आली ती बोट आडवी झाली. पाणी चढायची वाट बघत चाळीस मिनिटं आपटत होती. सुकाणू मोडलं, पुढच्या नाळेजवळची फळी सुटली, जाळं गेलं. धाकूचा हात बोटीच्या कडेत सापडला. दापोलीला नेलाय, दोन ठिकाणी मोडलाय.
मी विचारलं, विनू?
दादा म्हणाला, बसलाय.

२० ऑगस्ट
विनू बोलला. आवाज सपाट.
"आत्या, कागद बरोबर होता. माझंच चुकलं. वेळ बरोबर होती, मीच वाट सोडली असणार."
मी म्हटलं, किती वाजता निघालास? कागदावर चार पाच होतं, त्याच्या आधी दहा मिनिटं. वाट कुठली धरलीस? नेहमीचीच. उजवीकडच्या खडकाला डावीकडच्या माडावर ठेवून. धाकूही तेच म्हणाला.
मग चुकलं कुठे?
"ते मला कळलं असतं तर मी तांडेल नसतो का झालो."

आणि मग, सहज सांगावं तसं, म्हणाला की सोमवारी दुपारी त्याने मला पाच वेळा फोन लावला. बाबा म्हणत होते, आत्याचा कागद पहाटेला नेहमी पाऊणकीच्या नंतरची वेळ देतो, यंदा आधीची कशी, विचार तिला. लाईन एंगेज होती.

जेवले नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
गेल्या वर्षीची वही काढली. त्याच्या आधीच्या वर्षाची. त्याच्या आधीची.
पहाटेच्या ओळी: पाऊणकी साडेचार, मशीन चार पंचावन्न. पाऊणकी पावणेचार, मशीन चार दहा. दर वेळी मशीन पंचवीस मिनिटं उशिरा.
यंदा: पाऊणकी साडेचार, मशीन चार पाच. पंचवीस मिनिटं लवकर.

फरक तेवढाच. बाजू उलटी. मी फरक किती ते पाहिलं, कुठल्या बाजूला ते पाहिलं नाही. टिकमार्क माझ्याच पेनाची, हिरव्या शाईची.

पन्नास मिनिटं. विनू पन्नास मिनिटं आधी निघाला. त्याने एक मिनिट इकडेतिकडे केलं नाही.

२२ ऑगस्ट
का झालं ते शोधायला दुपार लागली. हे तारखांचं मॉड्यूल सगळ्या वेळा आधी विलायतेच्या घड्याळात नेतं. ते आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत तिकडे अजून कालचीच तारीख. नव्या आवृत्तीत ते तारीख परत आणायला विसरतं. मग पहाटेच्या भरतीला कालचा चंद्र. चंद्र एक दिवस मागे की भरती पन्नास मिनिटं लवकर. साडेपाचनंतरच्या सगळ्या ओळी बरोबर. म्हणून दिवसा कोणालाच काही कळलं नाही.

आणि मी? पहाट म्हणजे कालचाच दिवस, हे मला लहानपणापासून इतकं पाठ की मशीनही तसंच म्हणतंय ते मला डोळ्यांना टोचलं नाही.

एक्केचाळिसावा प्रश्न हाच होता. बेटाचं नाव वेगळं, एवढंच. त्या कोण लिहिणाऱ्याला माझ्या दादाची खाडी माहीत नव्हती, तरी त्याने माझ्यासाठी प्रश्न घालून ठेवला होता. व्यवस्थेने थांबवलं होतं. मी 'फोर्स' म्हटलं.

भाट्याला जाऊन कागद स्वतः फाडला. बुरोंडीला फोन केला, पहाटेच्या वेळा पाहू नका. तिथला म्हणाला, माई, आम्ही तो कॅलेंडरच्या मागं लावलाय, आणि इथं कॅलेंडरच कोण बघत नाय. बरं वाटलं. पहिल्यांदाच असल्या गोष्टीचं बरं वाटलं.

दादाला फोन लागला. त्याने मलाच सांगितलं: रविवारी भागीदार बसणार. विनूकडून बोट काढून घ्यायची म्हणतात. चार खलाशांनी सांगितलंय, याच्याबरोबर चढणार नाही. पहिल्याच फेरीला ज्याने बोट वाळूवर घातली त्याच्याबरोबर कोण जाणार.
मी सांगायला तोंड उघडलं. दादा म्हणाला, "विन्या बोलला, आत्याला यातलं काय बोलायचं नाय, ती मनाला लावून घेईल."
मी म्हटलं, रविवारी येते.
तो म्हणाला, ये, पण त्याला रागावू नको गो.
फोनवर नाही सांगितलं. का नाही सांगितलं? लाईन चांगली होती.

२३ ऑगस्ट, शनिवार
एसटीत. दापोलीला गाडी बदलायची. पिशवीत परीक्षेच्या निकालाचा छापील कागद, तीन वर्षांच्या वह्या.
वाटेत तीनदा वाटलं, धाकूला बघून परत फिरावं. विनू स्वतः म्हणतोय ना माझं चुकलं. पोरगा तरुण आहे, मुंबईला परत जाईल, बायकोलाही तेच हवंय. माझा कागद चार वर्षांचा. तीन बंदरांत माई म्हणून ओळखतात मला.
हे मी लिहितेय कारण हे मला वाटलं.

आंजर्ल्याला पोचले. धाकू त्याच्या घरच्या पडवीत बसलेला, प्लास्टर कोपराच्या वर. मला बघून उठायला लागला. मी त्याला सांगितलं. पहिला त्यालाच. त्याने धड हाताने पाट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "म्हणजे विनूनं वाट बरोबर धरली व्हती." त्याला स्वतःच्या हाताचं काही नव्हतं. त्याला वाटेचंच पडलं होतं.

२४ ऑगस्ट, रविवार
जाळी ठेवायच्या खोपीत बसले होते. तीन भागीदार, सहा-सात खलाशी, दादा खुर्चीवर, विनू दाराशी उकिडवा, परक्यासारखा. बायकांत मी एकटी. मला वाटलं होतं नीट मांडून सांगेन. वह्या उघडल्या आणि पहिल्याच वाक्याला क्रम चुकला.

सांगितलं तरी. मशीन नापास म्हणत होतं, मी दामटून बसवलं. पहाटेच्या ओळी पन्नास मिनिटं चुकीच्या होत्या. विनू कागदाप्रमाणे बरोबर गेला. कागद माझा.

एक भागीदार म्हणाला, मशीनची चूक, माई, तुमची काय. मी म्हटलं, मशीनने थांबवलं होतं. त्याला हे पटेना. भाच्याला वाचवायला आत्या आली, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. मी निकालाचा कागद पुढे केला, इंग्रजी, हातोहात फिरला, कोणालाच वाचता आला नाही. माझ्या खरेपणाचा एवढा एकच पुरावा आणि तो तिथे कोरा.

मग दादाने वही मागितली. चष्मा लावला. बोट ठेवून एकेक पहाटेची ओळ वाचली, प्रत्येकीला ओठांतल्या ओठांत पाऊणकी. खोपीत नुसता तेवढाच आवाज. तीन वर्षांच्या ओळी झाल्यावर यंदाचा कागद घेतला. एकाच ओळीवर थांबला.

"ही उलटी हाय," म्हणाला. "मी बोललो व्हतो. बोललो आणि गप बसलो. मला वाटलं, मशीन शिकलेलं, आपण काय."

आणि मग विनूकडे न बघता: "त्या दिवशी मी किनाऱ्यावर व्हतो. पाण्याचा आवाज कमी व्हता. मला कळत व्हतं. ओरडलो असतो तर लोक बोलले असते, बाप अजून बोट सोडत नाय."

विनूने मान वर केली. एवढंच.

भागीदारांनी काही ठरवलं नाही. बोट दुरुस्त होईपर्यंत थांबू म्हणाले.

२५ ऑगस्ट
परत. विनू गाडीपर्यंत आला, पिशवी धरून. गाडी सुटताना म्हणाला, "आत्या, तेव्हा फोन लागला असता तरी तू मला काय सांगितलं असतंस?"
खरं उत्तर: सांगितलं असतं, कागद बरोबर आहे.
त्यालाही ते माहीत असावं.

२९ ऑगस्ट
ते मॉड्यूल काढून टाकलं. जुनी आवृत्ती हवी. व्यवस्था आपण नुसतं नाव घेतलं की नवं कोरंच आणते. जुनं हवं तर पूर्ण पत्ता द्यावा लागतो, आवृत्तीच्या आकड्यासकट. तो शोधला. पहाटे पाचला उठून उतरवलं, त्या वेळी फोन कोणाला लागत नाही.
परीक्षा चालली तेव्हा खुर्चीवरून उठले नाही. एकोणचाळीस ओके. चाळीस ओके.
एक्केचाळीस ओके.
साठ झाल्यावरच चहा टाकला.

३ सप्टेंबर
गणपती दीड दिवसाचा होता, विसर्जन झालं. मेधा आली होती, गेली. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, आई, ज्याने मॉड्यूल लिहिलं त्याला कळव. शब्दकोश घेऊन बसले, अकरा ओळींचं इंग्रजी पत्र. बोटीचं लिहिलं नाही. मग परत उघडून लिहिलं.

८ सप्टेंबर
उत्तर आलं. माणूस नम्र. चूक खरी आहे म्हणतो, धाकूचा हात कसा आहे विचारतो. आणि म्हणतो, तुमच्याकडच्या पहाटेच्या पंधरा-वीस खऱ्या वेळा पाठवाल का, मी त्या परीक्षेत घालतो, म्हणजे पुन्हा कोणाचं असं होणार नाही.
खऱ्या वेळा. मशीनच्या नाहीत, पाऊणकीच्याही नाहीत. पाणी प्रत्यक्ष कधी भरलं ते. त्या माझ्याकडे एकही नाही. चार वर्षं भरतीचे कागद काढले, भरती एकदाही मोजली नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार
कागद काढला, जुन्या आवृत्तीवर. दुपारच्या ओळी छापल्या. पहाटेच्या कोऱ्या ठेवल्या. आंजर्ल्याला पाठवला, सोबत पेन्सिल, दादाला चिठ्ठी: पाणी भरलं की वेळ लिही. विनूला बरोबर घे. आवाज कमी म्हणजे किती कमी, ते त्याला त्याच वेळी सांग, मागाहून नको.
या खेपेला वड्या नाहीत. लाच वाटली असती.

१४ सप्टेंबर
बोट दुरुस्त झाली. धाकूची बायको म्हणाली, बापलेक रोज पहाटे तोंडावर जातात. एकमेकांशी बोलतात का विचारलं. म्हणाली, भांडतात. आधी तेही नव्हतं.
कागद परत आलेला नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
दुपारच्या एसटीने कंडक्टरच्या हातून पाकीट. माझाच कागद. पहाटेच्या चार ओळी भरलेल्या. दोन दादाच्या हाताने, लुळ्या. दोन विनूच्या, हापिसातल्या वळणाच्या. माझ्या जुन्या आवृत्तीशी ताळा घेतला: सहा मिनिटं, चार, नऊ, पाच. बाजूही पाहिली.
उद्याची ओळही भरलीय. आधीच. पेन्सिलीने, ४:५०, विनूचं अक्षर, पुढे प्रश्नचिन्ह. माझं मशीन ४:५५ म्हणतं.
म्हणजे उद्या बोट घेऊन निघतोय. कोण खलाशी चढणार, बोट कोणाच्या नावाने, पाकिटात काही नाही. दुकानात फोन केला तर म्हणाले, सगळे बंदरावर आहेत.
४:५५ कळवू का? दादा असेल तिथे. पाणी असेल.
मॉडेमची वायर काढून ठेवली. लाईन मोकळी आहे, दोनदा उचलून पाहिली.